दुष्काळातली तालीम

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही, म्हणून लिहायला बसलो. तुम्ही होता तेव्हा तुमच्याशी बोलायची सोय नव्हती. तुम्ही हुकूम सोडायचा आणि मी जोर मारायचे, एवढंच आपल्या दोघांतलं बोलणं.

ते दुष्काळाचं साल. करमाळ्याच्या अंगाला आपलं कोरडवाहू रान, विहिरीच्या तळाशी ओलसुद्धा उरली नव्हती. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, आणि तुम्ही उजाडायच्या आत माझ्या अंगावरचं पांघरूण ओढायचात. ढेकळांच्या रानातून पळणं, मग जोर, मग बैठका, मग खांद्यावर धोंडा घेऊन ओढ्याची चढण. मी धापा टाकत थांबलो की म्हणायचात, "दमलास? मंग जा की आईसंगं खडी फोडाय." मला खरंच जावंसं वाटायचं. तिथं निदान दुपारी सावलीला बसू देत होते.

घरात एकच म्हैस, तीही आटत आलेली. तिचं सगळं दूध मला. तुम्ही समोर उभं राहून प्यायला लावायचात. एकदा मी रिकामा तांब्या खाली ठेवला आणि धाकटी बहीण आत बोट घालून कडेची साय पुसून खायला लागली. तुम्ही तांब्या हिसकावलात आणि तिच्या पाठीत धपाटा घातलात. "पैलवानाचं हाय ते!" ती रडली नाही. बोट तोंडात धरून तशीच उभी राहिली. आई चुलीपुढून म्हणाली, "पैलवान तेवढा तुमचा, आन् पोरगी काय माझ्या एकटीची हाय व्हय?" तुम्ही तांब्या घेऊन बाहेर गेलात. दुसऱ्या दिवशी दूध पुन्हा मलाच. सगळ्या मेहनतीत ते दूध घशाखाली घालणंच मला सर्वांत जड जायचं, आबा. तुम्हाला वाटायचं, पोरगं नाटकं करतंय.

आखाडा भिजवायला पाणी कुठलं? माती विटेसारखी झाली होती, तुम्ही ती नुसती वरवर उकरायला लावायचात. त्याच मातीत सराव करताना माझा डावा पाय अडकला आणि गुडघ्यात काहीतरी कटकन वाजलं. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला. जत्रेचं मैदान तोंडावर आलं होतं आणि टेंभुर्णीच्या एका पोराशी तुम्ही माझी जोड ठरवून बसला होता. मी म्हणालो, "आबा, पाय टेकत न्हाय." तुम्ही गुडघ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "हळद लाव, पट्टी आवळ. म्या चारचौघांत शबूद दिलाय."

हलगी वाजतेय. मी सगळा भार उजव्या पायावर घेऊन मैदानात उभा आहे. समोरचा पोरगा हात मिळवतो आणि हळूच विचारतो, "पायाला काय झालंय रं?" माझ्या गुडघ्याची पहिली चौकशी परक्यानं केली. त्यानं त्या पायाला हातही लावला नाही. मीच डाव टाकायला वळलो आणि पाय अंगाखालून निघून गेला. मी मातीत तोंड घालून पडलेलो, आणि तुम्ही कडेला येऊन ओरडताय, "ऊठ! न्हाय तर घरला येऊ नगंस!" उठता आलं नाही. त्या पोरानं आणि त्याच्या वस्तादानं मला उचलून झाडाखाली नेलं. वळून बघितलं, तर तुम्ही पटका सावरत गर्दीतून निघून चालला होता.

आईनं मला एस.टी.त घालून सोलापूरला नेलं. सात रस्ता चौकाजवळच्या डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला. "सुजला तेव्हाच का नाही आणलंत? या पायानं कुस्ती खेळलास?" आई म्हणाली, "त्याच्या बापाला इचारा." घरी परतलो तेव्हा तुम्ही चुलत्याच्या पोराकडून बैठका काढून घेत होता. म्हशीचं दूध त्याला सुरू झालं होतं. बहिणीला नाही, त्याला! मी दारातून लंगडत आत गेलो. तुम्ही मान वर केली नाहीत.

तुम्ही गेलात तेव्हा गाव म्हणत होतं, तालमीसाठी जन्म वाहिला माणसानं. मी खांदा दिला, डोळ्यांत पाणी आलं नाही, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही. आजही वाटत नाही.

एक मात्र आहे. माझा पाय असा का, हे लग्न झाल्यावर बायकोनं विचारलं, पुढं पोरांनी विचारलं, परवा नातीनं विचारलं. प्रत्येकाला मी एकच सांगत आलो, की विहिरीच्या पायरीवरून घसरलो. हा कागदही त्यांच्या हाती लागू देणार नाही. तुम्हाला झाकायचं असं मी कधीच ठरवलं नव्हतं, आबा. पण तुमचं नाव अजून घेतलेलं नाही.