आडवी ताई

प्रिय धाकटे,

कागदावरचं पत्र बघून आधी तुला हसू येईल. फोनवर लिहिलं असतं, तर दोन ओळी वाचून तू एखादं चित्र चिकटवलं असतंस, हात जोडणारं मांजर नाहीतर डोळे पुसणारा पांडा, आणि विषय तिथेच मिटला असता. आपल्या सगळ्यांची भांडणं हल्ली अशीच मिटतात. कागदावर कुणाचं तोंड चिकटवता येत नाही, म्हणून मुद्दाम कागद घेतला. शाओयांगहून लिहितेय, रजा काढून घरी आलेय. बाबा खाली कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांबरोबर पत्ते खेळताहेत, गालात सुपारी धरून. डॉक्टरांनी सुपारी बंद करायला सांगितलं, तर त्यांनाच म्हणाले, "हुनानच्या माणसाची सुपारी सोडवायची तर आधी त्याला हुनान सोडायला लावा." बाहेरच्यांशी त्यांची जीभ अशी चुरचुरीत चालते. माझ्याशी मात्र जेवलीस का, निघालीस का, एवढंच.

आधी बातमी सांगते. वसंताच्या सणाआधी आमच्या ऑफिसचं वर्षअखेरचं जेवण झालं. साहेब मंचावर नाचले, आम्ही टाळ्या वाजवल्या, मग सोडत निघाली. मला आजवर सोडतीत साधा टॉवेलसुद्धा लागला नव्हता, या खेपेला लागली लॉटरी. हिशेबखात्यातल्या लुओने माझ्या बक्षिसाचा कागद फाडला आणि अख्खं दालन हसायला लागलं. माणसाच्या उंचीची लांबलचक उशी होती आणि उशीवर आडवी ताई, फोनाफोनांतून फिरलेलं तेच झोपलेल्या बाईचं चित्र. तोंड उघडं, एक बूट पायात, दुसरा जमिनीवर, खाली लिहिलेलं, 'आज मी नाही. उद्याचं उद्या बघू.' लुओ म्हणाली, "पेईलान, तुझ्यासारखीच दिसते गं. फक्त तू अंगाने भरलीस." सगळे पुन्हा हसले आणि मीही हसले. मग स्वतःचंच तोंड काखोटीला मारून मेट्रोने घरी आले.

वसतिगृहाची आठवण येते का तुला? खोलीत आपण चौघी. मी वयाने मोठी म्हणून थोरली, तू सगळ्यांत लहान म्हणून धाकटी. यीथुंग या तुझ्या नावाने तुला हाक मारल्याचं मला आठवतच नाही. तुझ्या हातात तेव्हाही फोन असायचा. दिवे घालवायला आलेल्या रखवालदार मावशींचा चेहरा तू टिपलास, त्याखाली 'सूर्यसुद्धा मला विचारून उगवतो' असं लिहिलंस, आणि आठवड्याभरात सगळ्या इमारतीत मावशीच मावशी. आम्हाला वाटलं आता तुझी खैर नाही. तर मावशी स्वतःच ते चित्र सगळ्यांना पाठवायला लागल्या. तेव्हा तू म्हणाली होतीस, "थोरले, आपल्याकडे माणूस स्वतःच्या तोंडाने दमलो म्हणत नाही. दुसऱ्याचं तोंड पुढे करतो." मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. आजही ते खोटं नाही, फक्त ते दुसऱ्याचं तोंड माझं निघालं.

आई चांग्शाच्या इस्पितळात होती ते दिवस तुला वेगळे सांगायला नकोत. रात्री भाड्याची घडीची खाट कॉरिडॉरमध्ये टाकायची, पहाटे नर्स येऊन ओरडायची, "उठा, खाटा मिटा, डॉक्टरांची फेरी आहे." दुपारच्या झोपेच्या वेळी मात्र ती कानाडोळा करायची. बाबांचे गुडघे धरलेले, ते शाओयांगलाच. मी एकटी. आणि तू नोकरीतून वेळ काढून कमळकाकडी आणि हाडांचं सूप घेऊन यायचीस. त्या सूपाला मी आजही नावं ठेवणार नाही. सख्ख्या बहिणीने केलं नसतं एवढं तू केलंस, असं मी जगाला सांगत आले.

आई गेली, आणि दिवस उलटतात तोच माझा झोपलेला फोटो फोनाफोनांतून फिरायला लागला. वेळ कशी होती बघ. पोरं सकाळी नऊला कामाला बसायची ती रात्री नऊला उठायची, रविवार सोडून रोज. घर घ्यायचं तर आईबापांचंही आयुष्य गहाण, लग्न करायचं तर आधी घर हवं. मग सगळे म्हणायला लागले, नको ती धाव, आपण आडवेच पडू. म्हणायचे नुसतं, पडत कुणीच नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणाऱ्यांना एक तोंड हवं होतं, ते माझं मिळालं. साहेबाने रात्री काम पाठवलं की आडवी ताई. आईने लग्नाचं विचारलं की आडवी ताई. मुलाचा गृहपाठ घेऊन दमलेल्या बायकासुद्धा तीच पाठवायच्या. खरं सांगते, कधीकधी मला बरंही वाटायचं. एवढ्या माणसांचा शीण माझ्या एका झोपेवर हलका होतोय तर होऊ दे, म्हणायचे.

तू तेव्हा धावत आली होतीस. "कुठल्या नालायकाने केलं हे?" म्हणून तू माझ्याहून जास्त चिडलीस. आपण दोघी शेजारी बसून एकेक चित्र काढून टाका म्हणून तक्रारी करत होतो, एक काढलं की दहा उगवत होती. मग तूच म्हणालीस, "अगं, तो समोरच्या खाटेवरचा टोपीवाला. सारखा फोन धरून बसायचा." तो थान, ज्याने आईसाठी आपला गरम पाण्याचा थर्मास आम्हाला दिला होता. मी त्याला फोन करून नाही नाही ते बोलले. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "ताई, मी नाही काढला. तुमची आई गेल्याचं ऐकून वाईट वाटलं." आणि फोन ठेवला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फाशीचा दोर तू माझ्या हातात दिलास.

लोकांना काय, ते विसरतात. आणि ही चित्रं एका फोनमधून दुसऱ्यात जाता जाता पुसट होतात, हिरवट पडतात, त्यांच्यावर शेवाळ धरल्यासारखं दिसतं. पोरांना उलट तेच आवडतं, चित्र जुनं आणि अस्सल वाटतं म्हणे. माझ्यावरही असं शेवाळ चढलं. वर्षभरात मला कुणी रस्त्यात ओळखेना. पण घरच्यांनी त्याआधीच ओळखलं होतं. मोठ्या आत्याने घरच्या ग्रुपवर तो फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "ओळखलंत का हिला? आई आत मरणाशी झुंजत होती आणि लेक बाहेर घोरत होती." कुणी हसणारं चित्र चिकटवलं, कुणी तोंडावर हात ठेवलेलं. बाबांनी तो ग्रुप सोडला.

त्यांनी मला कधी विचारलंही नाही. विचारलं असतं तर रडून, भांडून सांगितलं असतं की बाबा, अनेक रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. पण ते दरवर्षी कबर झाडायच्या सणाला पहाटे एकटेच टेकडीवर आईच्या कबरीकडे जातात. गुडघे दुखतात तरी जातात. मी उठते तेव्हा परत आलेले असतात, बुटांना चिखल. मी म्हणते, "मला का नाही उठवलं?" ते म्हणतात, "झोप तू. दमली असशील." एवढंच म्हणतात, धाकटे, पण आत्याचं सगळं बोलणं मला त्यापुढे कमी वाटतं.

आता उशीकडे येते. घरी आणून ती दिव्याखाली ठेवली. हिरवं नाही, पुसट नाही, माझ्या ओठावरची चीरसुद्धा दिसत होती. हातोहात फिरलेलं चित्र असं स्वच्छ नसतं. ज्याच्या फोनमध्ये जन्मलं त्याच्याकडेच ते असं राहतं. उशी लांब, म्हणून छापणाऱ्यांनी चित्रही लांब घेतलेलं, पायाकडे आजवर कुणी न पाहिलेली जागा दिसत होती. तिथे तुझा सूपाचा डबा होता, मुठीला लाल दोरा बांधलेला, झाकण लावलेलं. त्या दुपारी मला जाग आली तेव्हा तू म्हणाली होतीस, "आत्ताच येतेय." शिवणीवरच्या पट्टीवर कंपनीचं नाव बघितलं. कुठली चित्रं विकायला काढायची हे त्या कंपनीत तू ठरवतेस, हे मीच सगळ्यांना कौतुकाने सांगत होते. केसाने गळा कापणं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

तरीही मी लिहिलं नसतं. गिळून टाकलं असतं, आणखी एक सूप समजून. पण डोक्याकडच्या शिवणीत मला काहीतरी निळं दिसलं. मी कात्रीने टाके उसवले. आत दुमडलेल्या बोटभर कापडावर निळ्या पट्ट्यांची बाही होती, सलाईनची चिकटपट्टी लावलेलं मनगट होतं, आणि माझ्या गळ्याशी लोकरी जाकीट नीट करणारी बोटं होती. आईची. जी पलंगावरून उठू शकत नाही असं डॉक्टर म्हणत होते, ती दारापर्यंत नव्हे, माझ्या खाटेपर्यंत आली होती. मला जाग आल्यावर अंगावर ते जाकीट बघून मी तुला म्हटलं होतं, "तू घातलंस का गं?" आणि तू मान डोलावलीस. मी तुझा हात धरून रडले होते. तू समोर उभी होतीस, तू सगळं पाहिलंस. फोटोही बहुधा त्याचाच काढला असशील, तेवढी माया तुझ्यात होती, ते मला माहीत आहे. पण आईसकट ते चित्र कुणाला हसवणार नव्हतं. म्हणून तू आईला कापलंस. पुढच्या आठवड्यात ती गेली, आणि इतकी वर्षं मी तुझ्याजवळ तिच्यासाठी रडत असताना तू गप्प बसलीस.

हे पत्र मी खुलाशासाठी लिहीत नाही, आणि माफी मागशील तर ती मला ठेवायला जागा नाही. उशा विक, जितक्या विकतील तितक्या. तू काढलेलं चित्र तू कधी पुसत नाहीस हे मला वसतिगृहापासून ठाऊक आहे, म्हणून मागतेय. तो फोटो न कापलेला, आईसकट, मला पाठव. त्यानंतर काही पाठवू नकोस. कबर झाडायचा सण तोंडावर आलाय, त्याआधी तो मला बाबांच्या हातात द्यायचा आहे. या वर्षी पहाटे निघताना त्यांनी मला उठवायला हवं.

आजवर तुझीच असलेली,
थोरली