‘ओलं सरपण’च्या आठ रिळांची व्यवस्था

मी, स्टोयमेन गेर्जिकोव्ह, वय एकोणऐंशी, लोम गावच्या चित्रपटगृहाचा निवृत्त ऑपरेटर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना हे लिहून ठेवतो. पत्नी नेवेना स्वयंपाकघरातून ओरडते आहे, तो दबाव धरू नये.

१. घर, द्राक्षांचा मांडव आणि रेडिओ नेवेनाला.

२. तळघरात कोबीच्या पिंपामागे आठ डबे आहेत. माझा बालमित्र ल्युबेन याच्या ‘ओलं सरपण’ चित्रपटाची ती एकमेव प्रत. ती गावच्या वाचनगृहाला द्यावी. १९६८ साली ती जाळल्याचा दाखला मीच दिला होता, तो खोटा आहे. आंबूस वास येतो म्हणून नेवेनाने दोनदा अख्खं पिंप ओतून दिलं. शेवटी म्हणाली, "कोबी नाही, तुझा सिनेमा आंबलाय." जुनी फिल्म आंबतेच. वाचनगृहाने घाई करावी.

३. राजधानीतले समीक्षक डॉ. ओग्न्यानोव्ह यांना काही नाही. तीन वर्षांपूर्वी मी त्यांना चित्रपट दाखवला. पुरलेला बाप पुन्हा जेवायला बसतो, या एका प्रसंगावर त्यांनी ग्रंथ लिहिला. याच प्रसंगाला अंधश्रद्धा ठरवून त्या वेळच्या सरकारी सेन्सॉर समितीने चित्रपट बंद केला होता.

४. खरं तर बाप परत येतच नाही. समितीसाठी ठेवलेल्या खेळाच्या दिवशी सकाळी माझ्या पुतण्याचा चोरून बाप्तिस्मा झाला; तेव्हा सरकारला धर्मविधी चालत नसत. मी धर्मपिता, पेला नाकारता येईना. त्या तारेत मी चौथ्याच्या जागी सहावं आणि सहाव्याच्या जागी चौथं रीळ लावलं, म्हणून बाप आधी पुरला गेला आणि मग जेवायला बसला. चूक कबूल करायची तर कुठे प्यायलो हेही सांगावं लागलं असतं, आणि भावाची नोकरी गेली असती. ल्युबेनला त्या खेळाला बोलावलंच नव्हतं. पुढे त्याला एकही चित्रपट मिळाला नाही. साखर कारखान्यांचे माहितीपट करत तो गेला. समितीला आपलं काम का रुचलं नाही, असं तो मलाच विचारायचा. डॉक्टरांनाही मी तोच चुकीचा क्रम दाखवला.

५. मी गेल्यावर चाळिसाव्या दिवशी खेळ लावावा आणि दारांवर चिकटवायच्या माझ्या मृत्यूच्या कागदावर खेळाची वेळ छापावी. रिळं क्रमाने लावावीत. ल्युबेनची पत्नी झ्द्रावका हिला पुढच्या रांगेत बसवून कलम चार वाचून दाखवावं. जिवंतपणी माझ्याने होत नाही. मला तिला तोंड दाखवायची लाज वाटते.

लोम, १४ नोव्हेंबर २०१५
स्टोयमेन गेर्जिकोव्ह

साक्षीदार:
आसेन ब्रातानोव्ह, न्हावी.
झ्द्रावका मिंचेवा. शेजारी आले नाहीत म्हणून नेवेनाने मला बोलावलं. सही करण्याआधी सगळं वाचलं. भावजी, तुमच्या मरणाची वाट बघायला मला वेळ नाही. रविवारी चार वाजता लावा, मी येते.