विमानात सोडलेला पट्टा

बाबा, विमानात तुम्ही पट्टा सोडलात, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आज मी तुमच्याहून वयाने मोठी झाले, पेणचा आपला गणपतीचा कारखाना मीच चालवते, तरी हात मातीत असताना मधेच तो राग उसळतो आणि मी कारागिरांवर उगाच खेकसते.

तुमची सवयच वाईट. मूर्ती रोह्याला पोचवायची म्हणजे तुम्ही टेम्पोत मागे, पेंढ्यात बसणार, एक हात तिच्या पाठीला लावून. गडब गावाजवळचे खड्डे आले की मी पुढून ओरडते, "बाबा, कडेला धरा, पडाल!" तुम्ही हसता. "माजं हाड मोडलं तर जुळंल गो. मूर्तीचं बोट मोडलं तर ती पूजेला चालत नाय."

मग रोह्याच्या एका कंपनीच्या शेठने लांबच्या गावी, स्वतःच्या घरी न्यायला मूर्ती सांगितली. शाडूची, नाजूक. रस्त्याने नेली तर तडा जाईल म्हणून त्यांनी छोटं विमान भाड्याने घेतलं. तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून आळीभर सांगत सुटलात, "बाप्पा इमानातनं चाललाय, न् त्याच्यासंगं मी फुकट!" आईसुद्धा त्या दिवशी हसली होती.

पुढचं वैमानिकाने सांगितलं. दाराची कडी नीट बसली नव्हती. विमानाला हिसका बसला, मूर्ती हलल्यासारखी वाटली, तुम्ही पट्टा सोडून उठलात आणि तेवढ्यात दार उघडलं. पलीकडे बसलेला कंपनीचा माणूस पट्ट्यामुळे वाचला. मूर्ती तर तुम्हीच आवळून बांधली होती, ती पडलीच नसती. तुम्ही डोंगरात सापडलात. आम्हाला तुमचं तोंडही बघू दिलं नाही.

नंतर तोच माणूस पेढे घेऊन आपल्या ओटीवर आला. आधी म्हणाला, पट्टा त्यांनी स्वतःच सोडला. कडीचं नाव नाही. मग म्हणाला, "पण चमत्कार बघा, मूर्तीला ओरखडाही नाही." आईने पुड्याला हात लावला नाही. "मूर्ती वर्साला नवी व्हते, सायेब," ती म्हणाली. "मानूस नाय व्हत." दहा दिवसांनी शेठने ती मूर्ती बुडवली, बाबा. एवढ्यासाठी गेलात तुम्ही.

मी कारागिरांना बजावून ठेवलंय, मूर्ती गेली तर जाऊ दे, आधी माणूस धरायचा. गेल्या वर्षी रोह्याला मूर्ती घेऊन निघाले. नातीला हौस, ती माझ्याशेजारी पेंढ्यात बसली. नागोठण्याच्या अलीकडे म्हैस आडवी आली, ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. पोरीचं कपाळ फुटलं, टाके घालावे लागले. घरी मी सांगितलं, तिला धरायला गेले, पण हात पोचला नाही. सगळ्यांनी मलाच धीर दिला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं लिहिते. माझे दोन्ही हात मूर्तीकडे गेले होते.