दहाव्याला दिलेला शब्द

परळ, मुंबई
६ मार्च १९६१

ती. भागोजीदादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

रीत आहे म्हणून नमस्कार लिहिला. राहीवहिनीने शाळेच्या बाईंकडून लिहवून घेतलेले पत्र मिळाले. कमळ घागर रिकामी करते, दोघांचे जेवते आणि तरी वाळत चालली आहे, मोरीत मुंग्या लागतात. लेकीची एवढी हालत झाली, तरी कळवले ते वहिनीने.

दहा वर्षे दवाखान्यात कंपाउंडर आहे मी. ही साखरच आहे. बारा वर्षांच्या पोरीला इन्शुलिनच्या सुईवाचून दुसरे औषध नाही. तिला मिळेल त्या एस.टी.ने घेऊन या.

आपला,
दिनानाथ

म्हसळा, जि. कुलाबा
११ मार्च १९६१

चि. दिनानाथ यास अ. उ. आ.

तुझी सुई ह्या घराने पाहिली आहे. आईला साखर झाली तेव्हा बाटल्या तूच पाठवल्यास. पाच महिने टोचून घेतले आणि पोटात गाठ होऊन बिचारी गेली.

दहाव्याला कावळा शिवेना. दुपार टळली. धाकट्या बहिणीच्या, केसरच्या लग्नाचा शब्द दिला, जमिनीचा दिला, कावळा आपला झाडावरच. शेवटी मी म्हटले की ह्या घरातल्या कुणालाही पुन्हा ती सुई टोचू देणार नाही. लगेच उतरला. तूही तिथेच उभा होतास. आता आईला दिलेला शब्द मोडू? एकीला मारलेस तेवढे पुरे झाले. कमळला वैद्याचा काढा चालू आहे.

भागोजी

परळ
१५ मार्च १९६१

ती. दादांस,
न. वि. वि.

कावळ्याला भूक लागली, तो उतरला.

आईची गाठ सुईने झाली नाही. साठीनंतर एकाएकी साखर आणि अंग उतरलेले, हे पाहून डॉक्टरांना पहिल्याच आठवड्यात संशय आला होता. अंगातले इन्शुलिन जिथे बनते त्या स्वादुपिंडातच गाठ होती. गाठ आधीची, साखर तिच्यामुळे. हे मी तुमच्यापासून लपवले, कारण आईला कळू द्यायचे नव्हते. त्याबद्दल हव्या तेवढ्या शिव्या द्या.

कमळला गाठबीठ नाही. तिच्या अंगात इन्शुलिन बनणेच थांबले आहे. तुमच्या काढ्यावर ती महिनाभर काढणार नाही. धाप लागेल, मग शुद्ध जाईल. तिच्या दहाव्याला मला बोलावू नका. कावळ्याला काय शब्द द्यायचा तो तुमचा तुम्ही ठरवा.

दिनानाथ

म्हसळा
१९ मार्च १९६१

चि. दिनानाथ यास,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही. पत्र राहीबरोबर देतो आहे. काल कमळला धाप लागली.

आईला शब्द दिला तो ह्या घरातल्या माणसांचा. म्हणून आज सकाळी देवापुढे पाणी सोडून कमळ तुला आणि तुझ्या बायकोला, सगुणेला दिली. आता ती ह्या घरातली नाही. शाळेत तुझे नाव लाव. कन्यादान तूच कर. सुट्टीत इकडे पाठवू नकोस, सुई ह्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. राही तिला पोचवून, चार दिवस राहून परत येईल.

तू लपवलेस, ते मी ह्या जन्मी विसरणार नाही. आईची सेवा मी केली आणि तिला काय झाले होते ते ठाऊक तुला.

कमळला वाटते मुंबई बघायला चालली. तिला तिखट सोसत नाही. हळूहळू सांग सगळे. आधी सुई टोच.

कमळचा थोरला काका,
भागोजी