पाखऱ्याची रेघ

औंढे, रविवार

चि. तेजल हिला मावशीचे आशीर्वाद. हॉस्टेलचं जेवण अजून तसंच असेल तर गुळाच्या पोळ्या पाठवते. माझे गुडघे बरे आहेत, म्हणजे दुखतात पण चालतात. फोन केला नाही, कारण मी तो उचलला की हौशीरामभाऊ शेजारी येऊन बसतात. (दीर आहेत, ऊठ म्हणता येत नाही.)

आपल्या गोठ्यातल्या पाखऱ्याच्या वाढीचं गणित तू मांडायला घेतलंस. दर रविवारी आम्ही छातीचा घेर मोजून कळवायचा, तू त्यावरून वजन काढून आलेखावर रेघ ओढायचीस. खोंडाची रेघ आधी भराभर चढते, मग मंदावते, मग आडवी होते, असं तू सांगितलंस. ते ऐकून भाऊंनी देवळाच्या पारावर चारचौघांत सांगून टाकलं, की घरात ट्रॅक्टर आहे, बैलाला काम नाही, रेघ चढतेय तोवर चारा घालू, आडवी झाली की बाजार. मीही हो म्हणाले. गाय अडली तेव्हा तुझ्या काकांनी स्वतःच्या हातांनी ओढून काढलेलं ते शेवटचं वासरू. ते वाढतच राहील असं मला का वाटलं, कोण जाणे.

आणि तुझी रेघ चक्क खाली आली. तू घाबरून जंताचं औषध पाठवलंस. ते पाजताना पाखऱ्याने भाऊंना शेणात बसवलं, निम्मं औषध सदऱ्यावर गेलं (सदऱ्याला आता जंत होणार नाहीत). मग उलगडा झाला. जनावराचं खरं माप तोंडाने सांगितलं की नजर लागते, म्हणून टेप धरणाऱ्या शेजारच्या भागूबाई दोन बोटं कमी सांगायच्या. भाऊ त्यातली आणखी दोन कापून मला सांगायचे, आणि मी तुला लिहिताना आणखी दोन. खोंड जसा अंगाने भरला, तशी आम्ही कापायची बोटं वाढवली. मी भागूबाईंवर चिडले, तर त्या म्हणाल्या, "आवं, तुमी बी कापता व्हय? मला वाटलं, वाचणारी बाई, खरं लिव्हत आसंल." (वाचायला मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर शिकले, तिथे हे नव्हतं.)

काका गेल्यापासून लोक विचारतात, आता कशा आहात. तिथेही मी थोडं कमी करूनच सांगते.

तुझी मावशी

ता.क. काल एकटीने खरं माप घेतलं. गेल्या महिन्यात गुपचूप घेतलं होतं, तेवढंच भरलं. रेघ आडवी झाली आहे. पण आम्ही कापलेली बोटं तुझ्याकडे शिल्लक आहेत, ती दर रविवारी थोडी थोडी जोडत जा.

पुन्हा ता.क. पाकीट चिकटवताना भाऊ आलेच. गोठ्यात पाखऱ्याची मान खाजवून आले होते. म्हणाले, "वहिनी, तेजलला लिव्हा, रेघ वरच दाव म्हणावं. आडवी झाली तर मला शब्द पाळाया लागंल."