आढ्यावरची आयरिस

१२ एप्रिल

आजपासून मी हागिवारांचा घरजावई. सकाळी दादा वेशीपर्यंत सोडायला आला आणि तिथूनच वळला. एक तोंड कमी झाल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. मीही काही रडलो नाही. मी मोसुके, घरातला तिसरा मुलगा, वय अठ्ठावीस. पलटणीतली दोन वर्षं सोडली तर सारी उमर दादाच्या रेशीमकिड्यांच्या माळ्यावर झोपून काढली. ही रोजनिशीची सवय पलटणीतलीच.

घर छान आहे. समोर तुतीची शेतं, मागं टेकडी, छपराचं गवत नुकतंच बदललेलं, अजून सोनेरी. सासूबाईंचं नाव शिगे, बोलणं मोजकं, नजर तिखट. बायको इयो. हसताना तोंडावर बाही धरते, पण हसते मात्र खूप. चार पिढ्या या घरात मुलगा जन्मलेला नाही, पुरुष येतो तो बाहेरूनच. जेवताना सासूबाईंनी सगळं स्वच्छ सांगून टाकलं. जावईबापू, आमच्याकडे एक रीत आहे, नवा माणूस छपराच्या आढ्यावर आपल्या हातानं आयरिसची फुलझाडं लावतो. रुजली की तुमचं नाव गावच्या दप्तरात चढेल. कुजली तर शिदोरी बांधून देऊ, आणि राग कुणीच धरायचा नाही.

मी मनात म्हटलं, एवढंच ना! आईच्या परसात मी लहानपणापासून आयरिस लावली आहे. मी मूळचा संशयी माणूस, पलटणीत भात वाढणाऱ्याचे डावसुद्धा मोजायचो. आज मात्र जव घातलेला भात तीन वाट्या खाल्ला आणि एकही डाव मोजला नाही.

१४ एप्रिल

लावणी झाली. म्हातारा गेन्झो बरोबर होता. गावातली सगळी छपरं तोच शाकारतो. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर विळ्यानं गेलेलं, तोंड मात्र शाबूत. शिडी चढताना म्हणतो, काय हो नवरदेव, पाय लटपटतात ते उंचीनं की सासूच्या धाकानं? मी म्हटलं, तुमच्या बडबडीनं.

आढ्यावर देवदाराची साल अंथरून वर चिकणमाती थापली होती. पूर्वेच्या टोकाला इयोच्या आजोबांची आयरिस आहे. छपर नवं करताना ती अलगद काढून पुन्हा तिथंच बसवली. कसली दाट आहे! मधला तुकडा माझा. इथं इयोच्या वडिलांची असायला हवी होती. विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, यासाकूंची टिकली नाही. ते इयो पाळण्यात असतानाच गेले, पाय सुजण्याच्या आजारानं.

एकवीस गड्डे लावले. आल्यासारखे गाठीगाठीचे, पांढरे, टणक. लावायची खूबी अशी की मुळ्या मातीत आणि गड्ड्याची पाठ उन्हात. पाठ बुजली की कूज ठरलेली. गेन्झोला हे सांगितलं तर म्हणाला, आम्ही काय आजवर मुळे लावत होतो?

पण मग काम संपल्यावर तो बराच वेळ माझ्याकडे बघत बसला. तुला परत जायला घर आहे ना रे, असं विचारलं. मी म्हटलं, नाही. हा प्रश्न मला आवडला नाही.

३ मे

सहा झुडपांची पानं पिवळी पडली. हलकेच ओढलं तर पानांचा झुबका सरळ हातात आला. खाली गड्डा लगद्यासारखा मऊ, आणि वास असा की शिडीवरच ओकारी आली. कंदकूज.

घाबरण्यासारखं काही नाही, आईनं हे शंभरदा केलेलं मी पाहिलं आहे. सडका भाग सुरीनं टणक पांढरं लागेपर्यंत कापला, दर कापाला सुरी उकळत्या पाण्यात धरली, जखमांवर चुलीतली राख चोळली. दोन दिवस पडवीत उन्हात वाळवून परत लावेन. इयो शेजारी बसून राख चाळून देत होती. म्हणाली, अहो, ही जगायला हवीत. मी विचारलं, आणि नाही जगली तर? तर तुम्ही जाल ना, म्हणाली आणि बाही तोंडावर धरली. या वेळी हसत नव्हती.

माझं या बाईवर मन बसलं आहे. इथं लिहून ठेवतो, तोंडानं सांगायला लाज वाटते.

९ मे

आणखी पाच कुजली. पाऊस नाही, दव नाही, माती माझ्या हातची. मग का?

आज नीट पाहिलं. गड्ड्यांच्या पाठी बुजवलेल्या आहेत. कुणीतरी ओली माती आणून वर थापली आहे, चांगली दोन बोटं जाड. हे वाऱ्याचं काम नाही. मातीवर बोटांचे ठसे आहेत, आणि एक बोट पेरानं आखूड.

१२ मे

सासूबाईंना सांगितलं. त्यांनी गेन्झोला पडवीत बोलावलं. म्हाताऱ्यानं नाकारलं नाही, कबूलही केलं नाही. सासूबाई म्हणाल्या, गेन्झो, वय झालंय तुमचं, यापुढं आमच्या शिडीला हात लावायचा नाही. तो बरं म्हणाला आणि उठला. जाताना माझ्यासमोर थांबला, तोंड उघडलं, मग सासूबाईंकडे पाहून मिटलं.

मत्सर, दुसरं काय! मला तर पहिल्या दिवसापासूनच संशय होता. पाठी मोकळ्या केल्या, पण कापलेले सहा सोडून आता अकरा गड्डे आतून मऊ लागतात. सगळे कापायचे तर उरेल काय?

१७ मे

आज पहिली अंघोळ मला. या घरात आधी सासूबाई, मग इयो, आणि शेवटी त्याच पाण्यात मी, असा क्रम होता. आज सासूबाईंनी खास माझ्यासाठी पाणी तापवलं. वर म्हणाल्या, आम्ही आज नाही करत अंघोळ. पिंपभर पाणी, एवढं सरपण, एकट्या माझ्यासाठी! माझ्या जन्मात मी कधी कुणाच्या आधी पाण्यात उतरलो नव्हतो. मानेपर्यंत बुडून बसलो आणि खरं सांगतो, डोळे भरून आले.

२० मे

चार दिवस झाले, रोज पहिली अंघोळ माझीच. रोज पाणी नवं.

हे वापरलेलं पाणी जातं कुठं? सकाळी परसात गेलो तर इयो बादली घेऊन शिडीवर. माझं पाणी माझ्या आयरिसवर ओतत होती. ओरडलो, अगं, आधीच कुजताहेत त्या, आणखी पाणी घालतेस? ती घाबरली. आईनं सांगितलं, म्हणाली. नव्या माणसाचं पाणी दाखवलं की झाडं त्याला ओळखतात, अशी जुनी समजूत आहे. तुम्ही म्हणाल तर बंद करते.

बंद कर म्हणणार होतो. तेवढ्यात पानांकडे लक्ष गेलं. पिवळेपणा ओसरला होता.

२४ मे

अशक्य आहे. कापली नव्हती ती अकरा झुडपंसुद्धा हिरवीगार. गड्डे चाचपले, दगडासारखे टणक. सडलेला गड्डा आपोआप बरा झालेला मी पाहिला नाही, आईनंही पाहिला नसेल. तीन झाडांना कळ्या आहेत.

आनंदानं नाचावं की काय कळेना. पण एक प्रश्न डोक्यातून जात नाही. कूज गेली कुठं?

२८ मे

नाव चढलं! सासूबाई स्वतः गावच्या कचेरीत जाऊन आल्या. हागिवारा मोसुके. कागद दहादा वाचला. जांभळी फुलं उमलली, रस्त्यावरून जाणारे मान वर करून बघतात. सासूबाईंनी लाल डाळीचा भात केला आणि मला पहिल्यांदाच बाळा म्हणाल्या.

गेन्झो लांब बांधावर उभा होता. फुलं पाहिली आणि मटकन खाली बसला. जळतोय मेला.

१ जून

डाव्या टाचेला मऊ लागतंय. दुखत नाही. अंगठ्यानं दाबलं तर खड्डा पडला, तो तसाच राहिला.

३ जून

वास मी ओळखतो. नाकाला फसवता येत नाही.

पाणी ओतणं बंद करवलं. सासूबाई म्हणाल्या, हरकत नाही बाळा, आता गरज नाही. इतक्या सहज म्हणाल्या!

इयो पाय चेपायला बसली. मी पाय आखडून घेतला. बादली हिच्याच हातात होती.

६ जून

काठी टेकत गेन्झोकडे गेलो. त्यानं टाच पाहिली आणि माझ्याकडे पाठ करून बसला. मग बोलला. लिहून ठेवतो, हात धड आहे तोवर.

माती त्यानंच थापली होती. माझ्यासाठी. झाडं रुजायच्या आधी कुजली असती तर मी शिदोरी घेऊन परत गेलो असतो, धडधाकट. झाडानं एकदा माणसाचं पाणी घेतलं की कूज माणसात उतरते. झाड टिकतं, आढं टिकतं, घर टिकतं. इयोचे आजोबा असेच गेले. यासाकू त्याचा जिवलग दोस्त. त्याला सोडवायचं म्हणून गेन्झोनं त्याची सगळी आयरिस एका दुपारी उपटून टाकली. खाली यासाकू ओरडत होता. गेन्झोला वाटलं, सुटल्याच्या आनंदानं ओरडतोय. शेवटचा गड्डा निघाला आणि ओरडणं थांबलं. म्हणून उपटायचीही नाहीत रे, म्हणाला. ठेवली तर महिनाभर तरी जगशील.

मग सांगितलं का नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, बायको मिळाली म्हणून गाणी गात शिडी चढणाऱ्या माणसाला हे सांगितलं असतं तर तू मानलं असतंस? त्याला घराबाहेर काढवणारा मीच.

८ जून

दोन्ही पाय पोटऱ्यांपर्यंत. राख चोळली. सुरी लावायचा धीर नाही—

इयो विचारत राहिली, गेन्झो काय म्हणाला? सांगा ना. मी सांगितलं नाही. आईची हेर असेल तर? वडील कसे गेले हे या बाईला ठाऊक नाही, यावर कोण विश्वास ठेवील!

१० जून

इयोला भेटायला आलेल्या गेन्झोला सासूबाईंनी दारातूनच परत लावलं. आवाज ऐकला. इयो, पोरी, ऐक, एवढंच ऐकू आलं, मग दार लागलं.

दोघींची आतल्या खोलीत भांडणं. इयो रडते. नाटक असेल— नसेलही—

१२ जून

इयो उशाशी बसली. म्हणाली, मी आंधळी नाही, तुम्ही सुकता आणि ती बहरतात. तुमच्या जिवापुढं मला हे छपर नको. मी काहीतरी करते. तुम्हाला काही ठाऊक असेल तर आत्ता सांगा.

मी भिंतीकडे तोंड केलं. माझ्या तोंडून गेन्झोचं बोलणं काढून घ्यायची युक्ती, असं वाटलं मला. ती बराच वेळ हात धरून बसली होती.

१३ जून

जीभ मऊ. शब्द निघत नाही, नुसती घरघर. बोटं तेवढी—

१४ जून, सकाळ

लख्ख ऊन. सासूबाई देवळात. इयोनं मला पडवीत आणून टेकवलं, वही दिली. कपाळावरचा घाम पुसला. आज तुम्हाला मोकळं करते, म्हणाली. कमरेला विळा. शिडीचा आवाज—

नाही. नाही. आता कळलं. तिला ठाऊकच नाही. तिला कुणीच सांगितलं नाही. मी सांगितलं नाही.

पहिला गड्डा अंगणात पडला. पांढरा, टणक, कुठं डाग नाही. माझा डावा पाय—

थांब म्हणून खांबावर वाटी आपटतोय. ती वरून ओरडली, अहो, ऐकलं! बरं वाटतंय ना? थांबा, भराभर काढते!

सात. आठ. दिसत नाही नीट—

इयो, चूक माझी. तू प्रेमानंच— मी तुला हेर समजलो— खाली ये, ही वही वाच, उपटू नको, इयो, उरलेली तशीच रा—