सपाट ट्रे

३ मार्च, सोमवार

अंघोळीचा जुना ट्रे काढायचा. ठरलं. आता कुणाला विचारायचं नाही.

वीतभर काठ आहे त्याला. आधी हे त्यावरून टुणकन आत जायचे, बेसूर गात. अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवा पाय ऐकत नाही. सकाळी मला लाँड्रीत कामावर पोचायचं, बस काय माझ्यासाठी थांबते? आणि हे त्या काठापाशी उभे, पायाकडे बघत. मी म्हणते उचला. उचला की! शेवटी मीच वाकून पाय आत ठेवायचा, डोक्यावर पाणी, साबण, बाहेर. गेल्या महिन्यात तिथंच आडवे झाले. तडा ट्रेला गेला, यांना नाही, एवढं नशीब.

दुसऱ्याच दिवशी वन्सं आल्या आणि भावाला घेऊन गेल्या. राहू दे थोडे दिवस माझ्याकडे, म्हणाल्या. मी म्हटलं नेऊ नका, मी बघते. तर हेच म्हणाले, जड जिभेनं, "ताईकडे सपाट आहे. काठ नाही."

बरं. सपाट पाहिजे ना? मग सपाट करू. त्यात काय मोठं!

५ मार्च, बुधवार

कामावरून परस्पर दुकानात गेले. माप नेलं होतं – परकराची नाडी. रुंदीला एक गाठ, लांबीला दोन. दुकानदार हसला. बाई, घरात टेप नाही का? आहे. पण त्यावरचे ते मुंगीएवढे आकडे बघितले की मला गरगरतं. चौथीनंतर शाळेत कोण गेलंय? गाठ मारली की मारली. गाठ खोटं बोलत नाही.

त्यानं काळा दाखवला, दगडासारखा दाखवला, एक तर आरशासारखा चकचकीत. मी म्हटलं, मला पाहुण्यांना दाखवायचा नाही, माणूस पडायला नको. मग एक काढला – खरखरीत, जमिनीच्या बरोबरीनं बसणारा. चप्पल काढली आणि डोळे मिटून उजवा पाय ओढत ओढत वर गेले, हे चालतात तशी. लोक बघत होते. बघेनात का.

पाय कुठंच अडला नाही. तिथंच डोळे भरले मेले. दुकानदार म्हणतो, रंग आवडला नाही का, दुसराही आहे.

८ मार्च, शनिवार

दिवसभर जगाच्या चादरी धुते. यांच्या बाजूची चादर काही धुववत नाही.

९ मार्च, रविवार

वन्संकडे गेले. हे पुढच्या खोलीत खुर्चीवर. दाढी गुळगुळीत, भांग पाडलेला. मी केलेल्या दाढीत कायम कुठंतरी खुंट राहतात.

ट्रेचं सांगितलं. खरखरीत आहे, भिंतीला धरायला दांडा बसवणार, बसायला स्टूल. हे ऐकत होते. मग म्हणाले, "कशाला एवढं?"

कशाला म्हणजे? घरी यायचं नाही का?

यांनी वन्संकडे बघितलं. वन्सं चहा टाकायला उठल्या. बस चुकली असती म्हणून अर्धा कप तसाच ठेवून निघाले. तिथं जाऊन आपण दहा मिनिटंसुद्धा नीट बसत नाही. पण काम कोण करणार? ट्रे काय आपल्या पायांनी येणार आहे?

१३ मार्च, गुरुवार

आज गवंडी आला. छिन्नी घातली आणि पहिल्याच घावात जुना ट्रे दोन तुकडे. टाईल्सची खालची एक ओळही काढली. घरभर धूळ. डाळीत धूळ, उशीवर धूळ.

नवा खाली ठेवला – आणि भिंतीपासून तीन बोटं फट! दोन्हीकडून! मी म्हटलं दुकानदारानं फसवलं. नाडी काढून दाखवली. ट्रे गाठीला गाठ बरोबर.

गवंडी भिंतीकडे बघतो, नाडीकडे बघतो. मग म्हणाला, "मावशी, टाईलपासून टाईलपर्यंत मोजलंत होय? ट्रे टाईलच्या पोटात जातो. कच्च्या भिंतीपासून मोजायचं असतं."

मला काय ठाऊक भिंतीला पोट असतं! मी म्हटलं तुम्ही आधी येऊन का नाही सांगितलंत. तो म्हणाला तुम्ही आधी बोलावलंत कुठं, ट्रे आणून मग फोन केलात. खरं आहे. तरी भांडले.

ट्रे परत. मोठा यायला आठवडा.

यांना कळवायला फोन केला. उचलला वन्संनी. काही घाबरू नकोस गं, बाबूचं छान चाललंय, म्हणाल्या. मागं कुणीतरी हसत होतं, खो खो. मी विचारलं, कोण आलंय? म्हणाल्या, कोण येणार, बाबूच तो.

फोन ठेवला. घरात झटक्यानंतर ते हसणं मी एकदाही ऐकलं नव्हतं. ओळखलंच नाही मी.

१४ मार्च, शुक्रवार

न्हाणीत खड्डा. अंघोळ शेजारणीकडे. तिनं विचारलं, हे कधी येणार? म्हटलं, ट्रे बसला की.

१६ मार्च, रविवार

गेले नाही वन्संकडे. हातात सांगण्यासारखं काही नव्हतं.

२० मार्च, गुरुवार

आला. बसला! गवंड्यानं खाली सिमेंटचा माल पसरला, ट्रे दाबला, पाणसळ ठेवली. बुडबुडा मधे येईपर्यंत मी दाराची चौकट धरून उभी. माझ्या तोंडाला कुलूप लागलेलं बघून त्यालाच काळजी वाटली असावी. पाणी देऊ का मावशी, म्हणाला.

कडेनं पांढरा सिलिकॉन भरला. दोन दिवस पाय ठेवायचा नाही म्हणाला. मी दारात बसून नुसती बघत राहिले. काठ नाही, काही नाही. बाहेरची फरशी कुठं संपते आणि ट्रे कुठं सुरू होतो, हात फिरवला तरी कळत नाही.

एकटीच बोलले मोठ्यानं – या आता.

२२ मार्च, शनिवार

रजा टाकली. दांडा बसला. मी दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलं, माझं वजन पेललं म्हणजे यांचं पेलेलच. स्टूल ठेवला. साबण डावीकडे, डावा हात चालतो म्हणून. टॉवेल मऊवाला. चादर बदलली.

यांचा बाहेर जायचा शर्ट इस्त्री केला, पिशवीत भरला. उद्या सकाळीच आणायला जाते. रिक्षावाल्याला सांगून ठेवलंय, दारापर्यंत घे.

२३ मार्च, रविवार

काल फरशीवरचं सिमेंट खरवडलं, ते नखांत होतं अजून. हात धुवायला वन्संच्या न्हाणीत गेले. त्यांच्या ट्रेला काठ आहे. आपल्या जुन्यापेक्षा उंच.

बाहेर येऊन विचारलं, हे यावरून जातात कसे? वन्सं म्हणाल्या, जातो की, माझा खांदा धरून, वेळ लागतो एवढंच.

यांच्याकडे बघितलं. मान खाली. मग एकेक शब्द उचलून ठेवावा तसे म्हणाले, "इथं... घाई... नसते."

शर्टाची पिशवी तिथंच खुर्चीवर ठेवली. चप्पल घालायला मला आज फार वेळ लागला. कुणी घाई केली नाही.